तीन सीसीचं इंजिन उघडताना

जुलै ते ऑक्टोबर माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वर्धा जिल्ह्यात आर्वी रोडला टिनाचं शेड आहे, समोर बाकडं, आणि बाकड्याभोवती फवारणी पंपांची रांग. पऱ्हाटीवर अळी दिसली की ज्याचा पंप बंद पडला तो वावरातून थेट इकडेच येतो, पंप पाठीवर घेऊन. सगळे टू-स्ट्रोक, पंचवीस ते पस्तीस सीसीचे. कुणाचा कार्बुरेटर जाम, कुणाचा प्लग काळा, तर कुणी ऑईल न घालता नुसतं पेट्रोल भरल्याने पिस्टन धरलेला. आयटीआयला फिटर केलं, तेव्हापासून घर याच कामावर चालतं. दिवाळीनंतर फवारणी आटोपते, वेचणी लागते आणि बाकडं रिकामं होतं. रिमोटच्या गाड्यांची नायट्रो इंजिनं मी शिकलो ती या रिकाम्या महिन्यांत.

पहिली गाडी भाच्याची. पुण्याला शिकत होता तेव्हा हौसेने घेतली होती, नोकरीला बंगळूरला निघाला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "मामा, तुमी एवढे पंप उघडता, हे पण उघडून पाहा ना. टू-स्ट्रोकच आहे." टू-स्ट्रोक होतं हे खरं, पण पंपाच्या सवयीने हात घालावा असं ते नव्हतं. त्यावर .१८ लिहिलेलं होतं, म्हणजे ०.१८ घन इंच, जेमतेम तीन सीसी. मुठीत मावतं. आमचा फवारणी पंप मिनिटाला सहा-सात हजार फेरे मारतो. हे इंजिन तीस हजारांच्या पुढे जातं. सेकंदाला पाचशे फेरे. आरएक्स-१०० ला ९८ सीसीमधून ११ हॉर्सपॉवर मिळायची आणि तिचं नाव अजून निघतं. या जातीतल्या .२१ इंजिनाला, म्हणजे साडेतीन सीसीला, कंपन्या दोन हॉर्सपॉवरच्या वरचा आकडा देतात. हे वाचलं तेव्हा मला त्या इंजिनाबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच आहे.

सगळ्यात आधी मी मॅग्नेटो शोधला. यात तो नसतोच. कॉइल नाही, पॉइंट नाही, ठिणगी नाही. हेडमध्ये ग्लो प्लग असतो, आणि त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची केसासारखी बारीक तार. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ती लाल करायची. इंजिन चाललं की सेल काढून घ्यायचा. त्यापुढे जळण्याची उष्णता असते, शिवाय मेथॅनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथेच अभिक्रिया होऊन तार तापते. त्यामुळे ती विझत नाही. रे आर्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४७ मध्ये हा प्लग बाजारात आणला, आणि छोट्या इंजिनांवरचं बॅटरी-कॉइलचं ओझं उतरलं.

पण मग इंधन कधी पेटणार हे ठरतं कशावर? पंपात फ्लायव्हीलची चावी ते ठरवते. इथे ते ठरतं दाब किती, इंधनात नायट्रो किती आणि प्लग गरम जातीचा की थंड जातीचा, या तिघांच्या मेळावर. हेडखालचा दशांश मिलीमीटरचा वायसर बदलला तरी पेट मागेपुढे होतो. या इंजिनात एकटी अशी एकही गोष्ट बदलता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पुढचं सगळं शिकणं त्याच वाटेने गेलं.

इंधनाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण खेड्यात हा विषय गाडीपेक्षा मोठा आहे. यात मेथॅनॉल असतं, नायट्रोमिथेन असतं आणि तेल असतं, एरंडेल किंवा सिंथेटिक, बहुतेक वेळा दोन्ही. गाड्यांच्या इंधनात नायट्रो साधारण १६ ते ३० टक्के. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला पावणेपंधरा ग्रॅमच्या आसपास हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहाच्या आत, आणि नायट्रोमिथेनला दोन ग्रॅमसुद्धा नाही, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. एवढ्याशा इंजिनाची ताकद येते ती इथून. तेवढं ओलं इंधन आत जातं म्हणून इंजिन थंडही राहतं.

आता दुसरी बाजू. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि तरी गावात कोण काय पितं हे गावाला माहीत असतं. विषारी दारूने माणसं मरतात, डोळे जातात, त्या बातम्यांमागे बहुतेक वेळा हेच मेथॅनॉल असतं. स्पिरिटसारखा वास येणारा डबा दुकानात उघडा दिसला तर कुणाच्या मनात काय येईल याचा भरवसा नाही. म्हणून माझा डबा लोखंडी पेटीत असतो, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. डब्यावर लाल रंगाने मोठ्या अक्षरात 'विष' लिहिलंय, आणि आजूबाजूच्या दुकानदारांना मी तोंडाने सांगून ठेवलंय की यातला घोट माणूस मारतो. कातडीतूनही ते अंगात जातं, तेव्हा हातमोजे घालतो आणि काम दार उघडं ठेवून करतो. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. भर दुपारी इंधनाने पेट घेतला तर जळतंय हे हात भाजल्यावरच कळतं. पाण्यात ते मिसळतं, त्यामुळे पाण्याने विझतं. बाजूला पाण्याची बादली आणि ओलं पोतं असल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही. ज्याला हे एवढं पाळायचं नाही त्याने या छंदाकडे वळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं शिकणं सुरू झालं वर्ध्याला. तिथे एक लेथवाले काका आहेत. राजदूत, येझदी, आरएक्स यांचे सिलिंडर बोअर करण्यात त्यांची हयात गेली. मी भाच्याचं इंजिन रुमालात बांधून त्यांच्याकडे नेलं आणि म्हटलं, काका, याचे पोर्ट मोठे करायचे आहेत. पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली वायूची दारं. त्यांनी चष्मा वर केला, इंजिन हातात फिरवलं, फ्लायव्हील बोटाने घुमवलं. पिस्टन वर आला तसं ते अडलं.

"याची रिंग कोठी आहे?"

"रिंग नसते काका यात."

त्यांनी पुन्हा घुमवलं, पुन्हा अडवलं, कानाजवळ नेऊन ऐकलं. पिस्टन हाय-सिलिकॉन अॅल्युमिनियमचा, लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, पितळेचा आणि आतून क्रोम चढवलेला. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो, म्हणून थंड इंजिनात पिस्टन वर येऊन घट्ट बसतो. इंजिन तापलं की लायनरचं वरचं टोक सगळ्यात जास्त तापतं, फुलतं, आणि फट बरोबर होते. थंड असताना सैल वाटणारं इंजिन म्हणजे संपलेलं इंजिन. आमच्या पंपाच्या हिशोबाने हे अगदी उलट. काकांना ते इतकं आवडलं की हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी मला स्टूल दिलं.

"हे पाय भाऊ," ते म्हणाले, "ग्राइंडर चालवनं कोनालेही येते. तू पयले मले हे मोजून दाखव. कोनतं दार कितीवर उघडते, कितीवर बंद होते. मोजल्याबिगर बर लावशीन तर काढलेला धातू वापस येनार नाही."

बर म्हणजे ग्राइंडरच्या टोकाला लावायचं कोरायचं बारीक हत्यार. मोजणं हाच माझा पहिला धडा, आणि सगळ्यात मोठाही. क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारी तबकडी, म्हणजे डिग्री व्हील, विकत मिळतं, पण मी ते कंपासपेटीतल्या दोन कोनमापकांचं केलं. दोन्ही अर्धवर्तुळं पातळ अॅल्युमिनियमच्या तबकडीवर समोरासमोर चिकटवली, मध्ये क्रँकच्या मापाचं भोक पाडलं. काटा म्हणून सायकलची स्पोक घासून टोकदार केली आणि इंजिनाच्या माउंटिंगच्या स्क्रूखाली आवळली. आता पिस्टन नेमका वर कधी असतो ते ठरवायचं. डोळ्याने ते कधीच नेमकं ठरत नाही, कारण टोकाशी पिस्टन काही अंश जागचा हलतच नाही. त्यासाठी ग्लो प्लगच्या भोकात प्लास्टिकची एक काडी अशी बसवायची की पिस्टन शेवटपर्यंत न पोचता तिला टेकेल. क्रँक एका बाजूने हळूच टेकेपर्यंत फिरवायचा, आकडा लिहायचा. मग उलट्या बाजूने, तो आकडा लिहायचा. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. काडी प्लास्टिकचीच हवी, नाहीतर पिस्टनच्या डोक्यावर ओरखडा जातो.

त्यानंतर टॉर्च घेऊन एक्झॉस्टच्या तोंडातून आत बघत बसायचं. पिस्टनची कड दाराच्या वरच्या कडेपासून सुटते आणि प्रकाशाची बारीक रेघ दिसते, तिथे थांबायचं. माझ्या इंजिनात ही रेघ टीडीसीनंतर ९६ अंशांवर दिसली. ९६ची दुप्पट १९२, ती ३६० मधून वजा केली की उरतात १६८ अंश. एवढा वेळ एक्झॉस्ट उघडं. ताजा चार्ज, म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण, आत येतो ती ट्रान्सफरची दारं उघडली ११८ वर, म्हणजे १२४ अंश. ९६ आणि ११८ यांच्यामधल्या २२ अंशांत जळलेल्या वायूचा दाब बाहेर निघून जायला हवा, नाहीतर तो ट्रान्सफरमध्ये उलटा शिरतो. तीस हजार फेऱ्यांवर एक फेरा दोन मिलीसेकंदांचा. त्यात एक्झॉस्ट उघडं असतं सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. हा हिशोब मी दुकानातल्या वहीत पहिल्यांदा मांडला, तेव्हा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिलो. एवढ्या वेळात जळका वायू बाहेर, ताजा आत, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही!

ही गाठ टळते ती दारांच्या दिशेमुळे. ट्रान्सफरची दारं ताजा चार्ज एक्झॉस्टपासून लांब, मागच्या भिंतीकडे फेकतात. तिथून तो वर चढतो आणि वळसा घेऊन जुन्या वायूला बाहेर ढकलतो. जर्मन इंजिनिअर अडोल्फ श्न्यूर्ले यांनी १९२०च्या दशकात ही रचना मांडली. आमचा फवारणी पंप, आरएक्स-१०० आणि हे तीन सीसीचं इंजिन, तिघांच्या पोटात तीच आहे. काकांना नाव माहीत नव्हतं, पण दाराचा कोन बोटाने चाचपून ते वायू कुठे जाणार हे सांगत. "याची फेक मांगं पायजे. समोर फेकलं तं सायलेन्सरातून पेट्रोलच जाते निघून."

दाराची वरची कड किती उचलली की किती फरक पडतो हेही वहीत काढलं. या मापाच्या इंजिनात एक्झॉस्टची कड ०.१ मिमी वर नेली की कालावधी दीड अंशाच्या आसपास वाढतो. तीन-चार दशांश म्हणजे इंजिनाचा स्वभावच बदलला. वरच्या फेऱ्यांत ताकद वाढते, खालची जाते. डांबरी ट्रॅकवर ते चालेल. आमच्या इकडे गाडी धावते मातीत, धसकटांच्या मधून, वळणावळणावर पुन्हा वेग घेत. इथे खालची ताकद गेली की गाडी मेली. त्यामुळे इंटरनेटवर दिसलेला मोठ्या शर्यतीचा आकडा आपल्या इंजिनात कोरायचा नाही, हे मी कुठलाही बर हातात घेण्याआधीच ठरवलं.

पहिलं कोरीवकाम झालं ते केसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचात, आणि माझ्या मते स्वस्त इंजिनात सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे. लायनर बाहेर काढून केसमधल्या खिंडी पाहिल्या, तर ओतकामाच्या कडा तशाच राहिलेल्या. लायनरची खिडकी एका ठिकाणी, केसची वाट अर्धा मिलीमीटर बाजूला. वर चढणारा चार्ज त्या पायरीवर आपटत होता. लायनर बसवून खिडकीची कड सुईने केसवर उमटवून घेतली, पुन्हा काढला, आणि रेघेपर्यंतच पायरी उतरवली. यासाठी आर्वीच्या एका दातांच्या डॉक्टरांकडून वापरून झालेले डायमंडचे बर मागून आणले. ते इतके बारीक असतात की खिंडीत सहज जातात, आणि धातू चावत नाहीत, घासतात. बेअरिंगच्या जागा आणि लायनर टेकतो ती कड मेणाने झाकून घेतली. बर एका दिशेने, हलक्या हाताने, दर काही सेकंदांनी थांबून, फुंकून, बघून. शेवटी ४००चा वॉटर पेपर गोल काडीला गुंडाळून फिरवला. ट्रान्सफरच्या वाटेला आरशासारखी चकाकी मी देत नाही. पायरी नाही, धार नाही, एवढं पुरतं. एक्झॉस्टचं तोंड मात्र गुळगुळीत केलं, कारण तिथे कार्बन कमी धरतो.

क्रोमच्या लायनरला मी अजूनही सहसा हात लावत नाही. क्रोमचा थर काठाशी टवका होऊन उडतो, आणि तो टवका पिस्टनच्या अंगावरून फिरला की दोन्ही गेले. टायमिंग वाढवून पाहायचंच असेल तर एक वाट काकांनी सुचवली. लायनरच्या कॉलरखाली ०.१ मिमीचा वायसर घालायचा. सगळा लायनर तेवढा वर येतो, एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर दोन्ही वाढतात. हेडही तेवढं वर जातं, म्हणून हेडखालचा तेवढ्याच जाडीचा वायसर काढून हिशोब बरोबर करायचा. आवडलं नाही तर वायसर काढला की इंजिन होतं तसं. मला ही पद्धत फार प्रिय आहे. नवीन पोरांना मी हीच आधी शिकवतो. सायलेन्सरचा पाइप आणि इंजिन यांच्यातला हेडर लांब-आखूड करणंही त्याच जातीचं: लांब हेडरने खालची ताकद येते, आखूड केला की ती वरच्या फेऱ्यांकडे सरकते. विहिरीत हाक मारली की ती परत येते, तशी एक्झॉस्टची दाबलहर पाइपच्या शेवटच्या शंकूवर आपटून मागे फिरते आणि बाहेर निसटू पाहणारा ताजा चार्ज आत लोटते. वॉल्टर काडेन यांनी पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत १९५०च्या दशकात मोटरसायकलींसाठी या पाइपवर जे काम केलं, त्याचंच हे बोटभर रूप.

हेडमधली फट मोजायला सोल्डरची मऊ तार लागते. ती प्लगच्या भोकातून आत घालून भिंतीला टेकवायची, पिस्टन एकदा वरून फिरवायचा, आणि चेपलेलं टोक मायक्रोमीटरने मोजायचं. तार पिस्टनच्या पिनच्या दिशेने घालावी, म्हणजे पिस्टन कलत नाही आणि आकडा खोटा येत नाही. माझ्या इंजिनात ०.४५ मिमी आलं.

क्रँकला हात लावायला काकांनी खूप उशिरा परवानगी दिली. या इंजिनात क्रँक पोकळ असतो. कार्बुरेटरमधून आलेलं मिश्रण त्याच्या खिडकीतून आत शिरतं आणि पोकळीतून मागे केसमध्ये जातं. खिडकी उघडते पिस्टन खालून वर निघाल्यावर आणि बंद होते टीडीसी ओलांडून पन्नास-साठ अंशांवर. म्हणजे क्रँक हीच व्हॉल्व्ह. पोलाद कडक केलेलं असतं, कानस त्यावरून नुसती घसरते. कार्बाइडचा बर घेऊन खिडकीच्या बंद होणाऱ्या बाजूची आतली धार गोल केली, बाहेरची मोजलेली कड होती तशी ठेवली. खिडकीच्या समोर, पोकळीच्या बंद टोकाला मिश्रण घुटमळतं; तिथे इपॉक्सीचा छोटा उतार भरला, म्हणजे प्रवाह वळतो. त्याआधी ती जागा अॅसिटोनने पुसून खरखरीत केली होती, कारण सेकंदाला पाचशे फेरे घेणाऱ्या पोकळीतून इपॉक्सीचा तुकडा सुटला तर तो सरळ कनेक्टिंग रॉडखाली जाणार. क्रँकची भिंत पातळ करायची नाही, हा नियम काकांनी मला दोनदा म्हणायला लावला. "पातळ केला का तो तुटनार. आज नाही तं उद्या."

आणि मग धुणं. बर चालवण्यापेक्षा धुण्याला मी जास्त वेळ देतो. आधी डिझेल, मग साबणाचं गरम पाणी आणि दातांचा ब्रश, मग कॉम्प्रेसरची हवा, पुन्हा साबण, पुन्हा हवा. पांढऱ्या कपड्याचा बोळा प्रत्येक खिंडीतून ओढायचा. करडा डाग उमटला तर परत धुवायचं. नंतर लगेच एरंडेलचा हात. बेअरिंग काढायला केस हीट गनने तापवतो. अॅल्युमिनियम फुलतं आणि लाकडावर हलकं आपटलं की बेअरिंग आपोआप खाली पडतं. ठोकून काढलेलं बेअरिंग मी परत बसवत नाही.

गाडी चालवतो ती गावाबाहेरच्या पटाच्या मैदानावर. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, वर्षातून मोजके दिवस, बाकी ती लांब पट्टी मोकळीच. शेजारची पोरगी मोबाईलवर वेळ घेते आणि वहीत लिहिते. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाला वेगळं पान. प्रत्येक टाकीनंतर इन्फ्रारेड गनने प्लगच्या बुडाशी तापमान पाहतो. १०० ते ११५ अंशांत इंजिन खुशीत असतं. गन नव्हती तेव्हा हेडवर पाण्याचा थेंब टाकून बघायचो. तीनेक सेकंदांत सळसळत उडून गेला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर जास्त तापलंय. गार करायला ठेवताना पिस्टन खाली आणून ठेवतो, म्हणजे आकसणारा लायनर त्याला वरच्या टोकाला आवळत नाही.

आणि इथे आमचं ऊन येतं. नीडल म्हणजे कार्बुरेटरमधली इंधन कमी-जास्त करणारी सुई. इंजिनासोबतच्या माहितीपत्रकातली तिची सेटिंग जगात कुठेतरी वीस-पंचवीस अंशांत ठरवलेली. वर्ध्याला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि डिसेंबरच्या पहाटे वावरात दहाच्या आसपास येतो. दहा अंशांची हवा पंचेचाळीसच्या हवेपेक्षा जवळपास बारा टक्के दाट असते. म्हणजे उन्हाळ्यात बरोबर लागलेली नीडल थंडीत तशीच ठेवली तर हवा जास्त, इंधन कमी. इंजिन लीन होतं, सुसाट पळतं, कानाला फार गोड लागतं, आणि पिस्टन खरवडून घेतं. हिवाळ्यात पहिली गोष्ट म्हणजे हाय-स्पीड नीडल थोडी उघडायची. शिवाय थंडीत लायनर आवळलेला असतो. हेड हीट गनने कोमट करून मगच सुरू करायचं, नाहीतर पहिल्याच फेऱ्यांत सगळा ताण कनेक्टिंग रॉडवर येतो.

मे महिन्यात उलट. विरळ हवेमुळे मिश्रण आपोआप रिच होतं, इंजिन घरघरतं, धूर टाकतं. नीडल आवळावी तर गार करणारं इंधन कमी होतं आणि सभोवतालची हवा आधीच तापलेली. मी काय केलं, हेडखाली ०.१ मिमीचा एक वायसर वाढवला. फट ०.५५ झाली, दाब उतरला, पेट थोडा उशिरा आला. प्लग एक पायरी थंड जातीचा लावला. त्यानंतर नीडल हवी तिथे आणता आली आणि तापमान हाताबाहेर गेलं नाही. तळाची ताकद थोडी कमी झाली, ती हेडर लांबवून भरून काढली. प्लग काढून हातात घेऊन बघायची सवय लागली: तार चमकदार आणि ओली असेल तर रिच, करडी होऊन मुडपली असेल तर दाब किंवा उष्णता जास्त. पिस्टनच्या डोक्यावर मध्ये फिक्या तपकिरी रंगाचा डाग असेल तर मी इंजिन बंद करून निवांत घरी जातो.

आइडलची नीडल तपासायला इंधनाची नळी बोटांत चिमटायची. दोन-तीन सेकंद जाऊन फेरे किंचित चढले आणि मग इंजिन विझलं तर बरोबर. लगेच विझलं तर लीन, बराच वेळ चालत राहिलं तर रिच.

उन्हापेक्षाही मला भीती काळ्या मातीच्या धुळीची. ती पिठासारखी बारीक असते आणि साध्या फोममधून आत जाते. तेल लावलेला दोन थरांचा फोम, दर दिवशीच्या चालवण्यानंतर धुतलेला आणि पुन्हा तेल मुरवलेला, त्याशिवाय इंजिन सुरूच करत नाही. इंजिन कितीही सुंदर पोर्ट केलेलं असो, एक दुपार फाटक्या फिल्टरने चालवलं की लायनरची घट्ट पकड गेली. काम झाल्यावर टाकी पूर्ण रिकामी, आत आफ्टर-रन ऑईलचे थेंब, फ्लायव्हील चार वेळा फिरवून. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात तसंच ठेवलेलं इंजिन दिवाळीला उघडलं की मागच्या बेअरिंगवर गंज असतो.

भाच्याचं .१८ आता तिसऱ्या उन्हाळ्यात आहे. पिस्टनची पकड अजून आहे, थंड असताना फ्लायव्हील बोटाने वर नेलं की अडतं. वळणातून बाहेर पडताना ते आधी अडखळायचं, आता नुसता थ्रॉटल दाबला की उचलतं. वहीतल्या वेळा तेच सांगतात. वरचा वेग फारसा वाढलेला नाही, आणि मला तो वाढवायचाही नव्हता. काका मधून एकदा आले होते, पटाच्या कडेला खुर्ची टाकून पाहत होते. रिमोट मात्र हातात घेतला नाही. "मले आवाज आयकू दे," एवढंच म्हणाले.

सध्या बाकड्यावर एक .२१ आहे, अमरावतीच्या एका मुलाने पाठवलेलं. मागचं बेअरिंग गेलंय. माप १४ × २५.४ × ६. बाहेरचा व्यास बरोबर एक इंच, म्हणून नागपूरच्या साध्या बेअरिंगच्या दुकानात ते मिळत नाही, हॉबीवाल्यांकडून मागवलंय. क्रँक आधी कुणीतरी कोरलेला आहे आणि खिडकीजवळची भिंत नको तेवढी पातळ वाटते. फोटो काढून, माप लिहून मुलाला कळवलं की यावर आणखी बर चालणार नाही, आणि नवीन क्रँकचा खर्चही सांगितला. तो विचार करून सांगतो म्हणाला. बेअरिंग येईपर्यंत केस धुऊन ठेवली आहे, आणि डिग्री व्हीलला या क्रँकच्या मापाचं भोक पाडायचं काम आज संध्याकाळी आहे.